गावातलं मेडिकल: औषध चांगलं आहे हे ठरतं कसं?

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत पारोळा किंवा चोपडा तालुक्यातल्या एखाद्या गावी, पत्र्याच्या छताखालच्या मेडिकलमध्ये दुपारी तीन वाजता किती गरम होत असेल? दुकानात तापमापक नसेल तर दुकानदारालाही ते सांगता येणार नाही. इकडे हातातल्या पाकिटावर मात्र बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ३० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात ठेवा. काही औषधांवर २५ अंश लिहिलेलं असतं, इन्सुलिनवर २ ते ८.

औषधांच्या दर्जाबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात 'बनावट औषध' येतं. ती भीती खरी आहे. पण कारखान्यातून अगदी चोख निघालेलं औषधही गावात पोचेपर्यंत बिघडू शकतं, आणि न बिघडता पोचलं तरी चुकीच्या माणसाला, चुकीच्या मापात दिलं जाऊ शकतं. माझ्या मते गावपातळीवर या दोन गोष्टींकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि त्या दोन्ही गावातच सुधारता येण्यासारख्या आहेत. त्यासाठी काय नियम आहेत आणि ते का आहेत, हे गिऱ्हाइकालाही माहीत हवं.

ऊन आणि औषध

दूध नासलं की वासावरून कळतं. औषध बिघडलं की बहुतेक वेळा काहीच कळत नाही. गोळी तशीच पांढरी, तशीच गोल दिसते. आतला औषधी घटक मात्र हळूहळू तुटत जातो. उष्णता आणि ओल ही त्याची दोन मोठी कारणं. उजेड तिसरं.

काही औषधं खूण दाखवतात. ॲस्पिरिनला ओल लागली की पाकीट उघडताच आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो. कॅप्सूल एकमेकींना चिकटतात. ओआरएसच्या पुडीत गुठळी होते. लहान मुलांना तापात गुदद्वारातून द्यायच्या पॅरासिटामॉलच्या सपोझिटरी वितळून वेड्यावाकड्या होतात. पण थायरॉईडची गोळी उष्णतेनं कमजोर झाली तर डोळ्यांना काही दिसत नाही. रोग्याला फक्त 'गोळी चालू असूनही थकवा जात नाही' एवढंच जाणवतं, आणि डॉक्टर डोस वाढवतात.

याचा अर्थ एक दुपार तापलं म्हणून सगळं कपाट फेकून द्यावं, असा नाही. औषध बाजारात आणण्याआधी कंपनीला ते ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून तपासावं लागतं. त्यामुळे नीट बंद पाकिटातल्या बहुतेक गोळ्या थोडीफार उष्णता सोसतात. अडचण येते ती महिनोन् महिने वरच्या फळीवर, पत्र्याला लागून पडून राहिलेल्या मालाची, आणि मुळातच नाजूक असलेल्या औषधांची.

एक्सपायरीची तारीखही याच अटीवर अवलंबून आहे. पाकिटावर महिना आणि साल असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं, असा नियम आहे. पण ही हमी सांगितलेल्या तापमानात ठेवलेल्या औषधाची असते. उन्हाळाभर पत्र्याखाली भाजलेल्या डब्याला ती तारीख लागू होईलच असं धरून चालता येत नाही.

मग गावातल्या दुकानदारानं करायचं काय? पहिली गोष्ट, भिंतीवर एक साधा तापमापक लावायचा, आणि सकाळ-दुपार त्यावरचा आकडा वहीत लिहायचा. वही ठेवली की आठवड्याभरात कळतं की दुकानाचा कोणता कोपरा तापतो. पत्र्याखाली थर्माकोल किंवा लाकडी छत घातलं की बराच फरक पडतो. वरच्या फळीवर कापूस, बँडेज, डायपर ठेवावेत. औषधं मधल्या आणि खालच्या फळ्यांवर. दुकान पश्चिमेला तोंड करून असेल तर दुपारचं ऊन थेट काउंटरवर येतं, तिथं पडदा हवा. पावसाळ्यात उलटी काळजी: खोके जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून थोडे दूर. तापीकाठच्या किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत जुलै-ऑगस्टमध्ये भिंती पाझरतात, हे तिथल्या कुणालाही सांगायला नको.

आणखी एक जागा आहे जिथं कुणाचं लक्ष नसतं. जळगाव किंवा धुळ्याच्या होलसेलरकडून माल निघतो, तो एसटीनं, खासगी गाडीनं किंवा छोट्या टेम्पोनं गावी येतो. तालुक्याच्या स्टँडवर उतरवलेला खोका कुणी घ्यायला येईपर्यंत उन्हात पडून राहिला, तर दुकानातली सगळी काळजी वाया गेली. इन्सुलिनसारखा माल थर्माकोलच्या डब्यात, थंड जेलच्या पाकिटांसोबत यायला हवा. डबा उघडल्यावर जेल कोमट लागली तर तो माल परत पाठवायचा अधिकार दुकानदाराला आहे आणि त्यानं तो वापरावा. होलसेलरला एकदा कळलं की हे गिऱ्हाईक तपासून घेतं, तर पुढची पाठवणी आपोआप नीट होते.

फ्रीज, भारनियमन आणि इन्सुलिन

मेडिकलमधला फ्रीज म्हणजे औषधांचा फ्रीज. त्यात कोल्ड्रिंक, भाजी, घरचं दूध ठेवलं की तो दिवसातून पन्नासदा उघडला जातो आणि आतलं तापमान वर-खाली होत राहतं. इन्सुलिन, धनुर्वाताची लस, काचबिंदूचे काही थेंब यांना २ ते ८ अंश लागतात. आत एक छोटा तापमापक ठेवायचा. दारातल्या कप्प्यात औषध ठेवायचं नाही, कारण दार उघडलं की बाहेरची गरम हवा आधी तिथंच लागते.

आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटवूनही ठेवायचं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'जितकं थंड तितकं चांगलं' असा समज दुकानदारांतही आहे. इन्सुलिन एकदा गोठलं की गेलं. ते पुन्हा वितळवून वापरता येत नाही, आणि वितळल्यावर ते पहिल्यासारखंच दिसू शकतं. धनुर्वाताच्या लसीचंही तसंच: गोठली की तिची ताकद जाते. उष्णतेइतकीच थंडीचीही भीती बाळगावी लागते अशी ही औषधं आहेत.

वीज गेली तर फ्रीज उघडायचा नाही. खालच्या कप्प्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या तर त्या आतला थंडावा बराच वेळ धरून ठेवतात. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जाते ती नेमकी दुपारी किंवा संध्याकाळी, म्हणून ही सोय आधीच करून ठेवलेली बरी.

मधुमेहाचे रोगी इन्सुलिन घरी नेतात तेव्हा पुढची जबाबदारी त्यांच्यावर येते, आणि इथं फार्मासिस्टनं दोन मिनिटं बोललं पाहिजे. वापरायला काढलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर चालतं, पण २५-३० अंशांच्या आतल्या तापमानात. खानदेशातल्या उन्हाळ्यात घरातलं तापमान त्याच्या वर असतं. घरी फ्रीज नसेल तर मातीच्या माठात किंवा पाण्यानं ओल्या केलेल्या मडक्यात, झाकणाच्या कोरड्या डबीत इन्सुलिन ठेवलं तर बरंच थंड राहतं. शेतात जाताना ते मोटरसायकलच्या डिकीत टाकून नेणं मात्र अगदी वाईट. उभ्या उन्हात डिकी भट्टीसारखी तापते.

अँटिबायोटिकच्या कोरड्या पावडरीच्या सिरपबद्दलही असंच. पाणी घालून तयार केलेलं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचं सिरप फ्रीजमध्ये ठेवावं लागतं आणि सात दिवसांत संपवायचं असतं. उरलेलं 'पुढच्या खेपेला' म्हणून ठेवलेलं सिरप निरुपयोगी असतं. डोळ्यांचे थेंबही बाटली उघडल्यापासून एक महिन्यानंतर टाकून द्यायचे, मग एक्सपायरी कितीही लांबची असो.

काउंटरमागे कोण उभं आहे

मेडिकलचा परवाना किराणा दुकानासारखा नसतो. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४५ ची नियमावली यांनुसार अन्न व औषध प्रशासन तो देतं. किरकोळ विक्रीसाठी किमान १० चौरस मीटर जागा लागते. साठवणीची सोय लागते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. १९४८ चा फार्मसी कायदा स्पष्ट सांगतो की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज दुसऱ्या कुणी करायचं नाही. परवाना दुकानात दिसेल असा लावलेला हवा. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमांप्रमाणे फार्मासिस्टनं पांढरा कोट घालायचा आणि त्यावर नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला लावायचा.

प्रत्यक्षात काय होतं, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. प्रमाणपत्र एकाचं, दुकान दुसऱ्याचं आणि काउंटरवर तिसराच. प्रमाणपत्र भाड्यानं देण्याची ही पद्धत मला फार धोक्याची वाटते. फार्मासिस्ट म्हणजे खोके शोधून देणारा माणूस, अशी आपली समजूत झाल्यामुळेच ती चालते. खरं तर त्याचं काम खोका सापडल्यानंतर सुरू होतं.

एक उदाहरण घेऊ. लहान बाळाला ताप आहे. पॅरासिटामॉलचं सिरप बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असं मिळतं, २५० मिलिग्रॅम असंही मिळतं. आणि तान्ह्या मुलांसाठी जे थेंब येतात त्यांत एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतं. बाळाच्या वजनाला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम हा एका वेळचा डोस. म्हणजे ८ किलोच्या बाळाला ८० ते १२० मिलिग्रॅम. आता आजीला सवय आहे 'एक चमचा सिरप' द्यायची, आणि दुकानातून या वेळी हातात थेंबांची बाटली आली. एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर थेंब दिले तर पोटात गेले ५०० मिलिग्रॅम. चौपटीहून जास्त. पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृतावर घाला पडतो. त्यातून घरातला चमचा कधी ३ मिलिलिटरचा, कधी ७ चा. बाटलीसोबत येणारं मापाचं टोपण किंवा ड्रॉपर वापरा, एवढं एक वाक्य काउंटरवरून यायला हवं, आणि बाळाचं वजन किती हा प्रश्नही.

दुसरं उदाहरण मेथोट्रेक्सेटचं. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी तयार होणं थांबतं, माणूस दगावू शकतो. चिठ्ठीवरचं अक्षर न वाचता 'जेवणानंतर रोज एक' असं सवयीनं सांगणारा माणूस काउंटरवर असेल तर पुढे काय होईल याची कल्पना करा. जाणकार फार्मासिस्ट पाकिटावर पेननं 'फक्त रविवारी' असा वार लिहून देतो, आणि सोबत फॉलिक ॲसिड लिहिलंय का तेही पाहतो.

तिसरं उदाहरण खास आपल्या भागातलं. नंदुरबार जिल्ह्यातल्या आणि सातपुड्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचा, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा जन्मजात आजार आढळतो, तसंच जी-सिक्स-पीडी नावाच्या, रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरताही आढळते. हिवतापाच्या एका प्रकारात १४ दिवस प्रायमाक्विन देतात. ही कमतरता असलेल्या माणसाच्या रक्तपेशी त्या गोळीनं फुटू लागतात. लघवी काळपट होते, डोळे पिवळे दिसतात. मोलगी, धडगाव, अक्कलकुव्याकडच्या फार्मासिस्टनं प्रायमाक्विन देताना 'लघवीचा रंग बदलला तर गोळी थांबवा आणि लगेच दवाखान्यात या' हे सांगणं त्याच्या कामाचाच भाग आहे. आणि दर दोन-तीन आठवड्यांनी सांधेदुखीची गोळी मागायला येणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दिसला तर त्याला पाकीट देऊन मोकळं व्हायचं नाही. ते दुखणं सिकलसेलचं असू शकतं. त्या आजारात मूत्रपिंडं आधीच नाजूक असतात आणि दुखण्याच्या गोळ्या त्यांच्यावर आणखी भार टाकतात. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासायला पाठवणं ही त्या दुकानाची सगळ्यात मोठी सेवा ठरेल.

चिठ्ठी का मागतात

"दादा, डोकं दुखस, दोन गोया दे." या मागणीत काही वावगं नाही. डोकेदुखीला पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात. प्रश्न येतो पुढच्या मागणीला: "आणि मागच्या वेळी दिल्या होत्या त्या जुलाबाच्या पण दे, लाल पाकीट होतं बघ."

शेड्यूल एच नावाच्या यादीतली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मार्च २०१४ पासून त्यात आणखी कडक अशी एच-वन ही यादी आली. तिच्यात क्षयरोगाची औषधं आहेत, सेफिक्झिम आणि लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी अँटिबायोटिक्स आहेत, अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या आणि ट्रामाडॉलसारख्या सवय लागणाऱ्या गोळ्या आहेत. यातलं काही विकलं की दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, रोग्याचं नाव, औषध आणि संख्या लिहायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. अँटिबायोटिकच्या पाकिटावरची उभी लाल रेघही तेच सांगते: डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नका.

दोन गोळ्या घेऊन बरं वाटलं की थांबायचं, या सवयीनं जंतू पुरते मरत नाहीत. उरलेले त्या औषधाला जुमानेनासे होतात. मग साध्या लघवीच्या जंतुसंसर्गालाही सलाईनमधून महागडी इंजेक्शनं लागतात. गजकर्णाचं आपल्याकडे हेच झालंय. घामाच्या दिवसांत मांडीला, कमरेला नायटा झाला की मेडिकलमधून मलम आणायचं, आणि त्या मलमात बुरशीच्या औषधासोबत जोरदार स्टेरॉईड असायचं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, बुरशी मात्र स्टेरॉईडच्या आडोशानं पसरते. महिन्याभरानं तोच नायटा दुप्पट होऊन घरातल्या चार जणांना झालेला असतो. २०१८ साली अशी स्टेरॉईडची मलमं सरसकट चिठ्ठीच्या यादीत आणली गेली ती याचसाठी.

चिठ्ठीवरचं औषध दुकानात नसेल तर 'हे पण तेच आहे' म्हणून दुसरं परस्पर देण्याचीही मुभा या याद्यांतल्या औषधांसाठी दुकानदाराला नाही. डॉक्टरांना फोन करून विचारणं एवढाच मार्ग.

दुकानदाराची बाजूही सांगितली पाहिजे. चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक म्हणतं, 'आप्पा, आम्हाला ओळखत नाही का तू? शेजारच्या गावातला तर देतो.' दवाखाना वीस-पंचवीस किलोमीटरवर, मजुरी बुडते, वर डॉक्टरांची फी. ही अडचण खोटी नाही. पण तिचा तोडगा चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देण्यात शोधला तर खर्च पुढे वाढतो. उपकेंद्रातली परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी, आशाताई यांच्याकडे पाठवणं जवळचं आणि फुकटही असतं. ज्या गावात मेडिकलवाला आणि आशाताई एकमेकांशी बोलतात, तिथं काम सोपं होतं. क्षयरोगाचं औषध नेणाऱ्या रोग्याची माहिती शासनाला कळवणं तर २०१८ पासून औषध दुकानांवरही बंधनकारक आहे, आणि त्याचा फायदा रोग्यालाच होतो, कारण पुढची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

बिल मागा, बॅच नंबर जपा

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रोगी ग्लिसरॉल हे औषध दिल्यानंतर दगावले. औषधी ग्लिसरॉलच्या नावाखाली आलेल्या मालात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं विषारी द्रव्य होतं. ते मूत्रपिंड बंद पाडतं. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या सिरपनं २० हून अधिक मुलं गेली. तेच द्रव्य. मर्यादा ०.१ टक्का, आणि नमुन्यात सापडलं ४८.६ टक्के.

त्या वेळी आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानंही लोकांना सावध केलं: कोल्ड्रिफची एसआर-१३ ही बॅच, म्हणजे एका खेपेत बनवलेला माल, कुणाकडे असेल तर वापर थांबवा आणि कळवा. आता विचार करा, घरात अर्धी सिरपची बाटली आहे आणि लेबल भिजून निघालंय. किंवा गोळ्या अशा कापून आणल्या आहेत की बॅच आणि एक्सपायरीची कड दुकानातच राहिली. त्या घरात ही सूचना पोचूनही उपयोग काय?

म्हणून बिल. बिलावर औषधाचं नाव, कंपनी, बॅच नंबर, एक्सपायरी असते. मूळ कारखान्यापासून होलसेलर आणि तिथून तुमच्या हातापर्यंतचा माग फक्त या कागदांवर चालतो. दुकानदारालाही बिल हवंच असतं, कारण त्याच्याकडे होलसेलरचं बिल नसेल तर तो माल कुठून आला हे त्याला सिद्ध करता येत नाही. बिनबिलाचा, दहावर चार फुकट अशा स्कीमचा माल कुणी दारात आणून दिला तर तो घेऊ नये. पाकिटातल्या चारच गोळ्या हव्या असतील तर जरूर चारच घ्या, पण छापील कडेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

१ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालंय. मोबाइलनं तो स्कॅन केला की औषधाचं नाव, कंपनीचा पत्ता, बॅच, बनवल्याची आणि मुदतीची तारीख, उत्पादन परवाना क्रमांक हे सगळं दिसतं. छापलेलं आणि कोडमधलं जुळलं नाही तर शंका घ्यायला जागा आहे.

छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सांगितलं ते प्रत्येक आईबापानं ऐकावं असं आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची सिरपं द्यायची नाहीत, आणि पाच वर्षांखालच्यांनाही ती सहसा देऊ नयेत. मुलांचा खोकला बहुतेक वेळा आपणहून बरा होतो. पाणी, अंगावरचं दूध, विश्रांती पुरते. श्वास जोरात चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, तर सिरपची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

किराणा दुकानातल्या गोळ्या

हजाराच्या आत लोकवस्ती असलेल्या गावात पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, अँटासिड, बाम, पट्ट्या अशा काही घरगुती औषधांना परवान्यातून सूट आहे. सातपुड्यातल्या पाड्यांसाठी ही सोय गरजेची आहे. पण अटी आहेत: मूळ न फोडलेल्या वेष्टनात विकायचं, माल परवानाधारक होलसेलर किंवा उत्पादकाकडूनच घ्यायचा, आणि चिठ्ठीच्या यादीतलं काही त्यात नको. बरणीत सुट्या गोळ्या भरून रुपयाला एक विकणं या सुटीत बसत नाही. कागदाच्या पुडीत रंगीत गोळ्या मिसळून 'कंबरेवर गुणकारी' म्हणून आठवडी बाजारात मिळतं, त्यापासून तर लांबच राहा. अशा पुड्यांत स्टेरॉईड असू शकतं. दोन दिवस तरुण झाल्यासारखं वाटतं, पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि बरेच महिने घेऊन एकदम थांबवलं तर जिवावर बेततं.

शंका आली तर

'बनावट' आणि 'अप्रमाणित' यांत फरक आहे. दुसऱ्याच्या नावानं बनवलेलं, आत भलतंच असलेलं औषध बनावट. खऱ्या कंपनीचंच पण तपासणीत ठरलेल्या प्रमाणात न उतरलेलं औषध अप्रमाणित. गोळी पोटात वेळेत विरघळत नाही, घटक कमी भरतो, असं काही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्था दर महिन्याला अशा बॅचची यादी जाहीर करते. गावातल्या दुकानदारानं महिन्यातून एकदा ती उघडून आपलं कपाट तपासलं तर अर्धा तास लागतो.

स्वस्त म्हणजे हलकं, हा समज इथं चुकीचा आहे. जनऔषधी केंद्रातल्या जेनेरिक, म्हणजे ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावानं विकल्या जाणाऱ्या गोळीला लागू असलेली मानकं आणि दहापट महाग ब्रँडला लागू असलेली मानकं एकच. दोन्ही नीट ठेवली नाहीत तर सारखीच बिघडतात.

मुदत संपलेला माल विकायच्या मालापासून वेगळा, 'विक्रीसाठी नाही' असं लिहिलेल्या खोक्यात ठेवायचा असतो. डॉक्टरांना मिळालेली नमुन्याची पाकिटं विकायला बंदी आहे. यातलं काही उलटं दिसलं, बिल नाकारलं, किंवा औषध घेतल्यावर अंगावर पुरळ, चेहऱ्याला सूज, काळपट लघवी असं काही झालं, तर गप्प बसू नका. अन्न व औषध प्रशासनाचा मोफत फोन १८००-२२२-३६५ आहे. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ वर होते. ती रोगी किंवा घरचेही करू शकतात.

आणि १९४० च्या औषध कायद्याच्या २६ व्या कलमानं तुम्हालाही एक अधिकार दिलाय. ठरलेलं शुल्क भरून कोणीही माणूस आपण घेतलेलं औषध शासकीय विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो, आणि त्याचा सही केलेला अहवाल त्याला मिळतो. पण तपासायला माल तर शिल्लक हवा. म्हणून शंका आली की उरलेल्या गोळ्या किंवा सिरप उकिरड्यावर फेकू नका, दुकानात परतही देऊन टाकू नका. पाकीट, बाटली, बिल सगळं एका पिशवीत बांधून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा थंड, कोरड्या जागी ठेवा, आणि तक्रार करताना बॅच नंबर वाचून दाखवा.